खुर्ची कोणाची, शब्द कोणाचा?

मैत्रिणींनो, पोलादपूरहून महाडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एकदा बसून पाहा. बँकेतली, तहसील कचेरीतली, दवाखान्यातली, एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी आणि माझ्यासारखी शाळेतली, अशा पाचसहाजणी रोजच्या ठरलेल्या. मांडीवर डबा, खांद्यावर पर्स, आणि तोंडात एकच विषय. सासू नव्हे हो! तो विषय आता मागे पडला. आता विषय म्हणजे “आमचे साहेब” नाहीतर “आमच्या मॅडम”.

कोणाचे साहेब रजेच्या अर्जावर सही करायला दोन दिवस लावतात. कोणाच्या मॅडम एकीचीच बाजू घेतात. कोणाच्या सेक्शनमध्ये दोन तट पडले आहेत आणि एका तटाने केलेला चहा दुसरा तट पीत नाही. ऐकताना मला नेहमी वाटायचं, सासरी नांदण्याचं शास्त्र आईने आपल्याला शिकवलं, पण चार परक्या माणसांत बसून काम कसं करावं हे कोणी शिकवलंच नाही. आणि त्या चार माणसांवर आपल्यालाच नेमलं, तर काय करावं हे तर मुळीच नाही.

मलाही नव्हतं आलं. मागच्या उन्हाळ्यात मी त्यात चांगली तोंडघशी पडले. ती हकिगत सांगायचीच आहे, पण आधी थोडं मागे जाते.

लग्नानंतर चार वर्षं घरात काढल्यावर मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवू लागले. शाळेचं नाव सांगत नाही, आणि तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका. तासिकेवरच्या बाई म्हणजे काय, हे ज्या आहेत त्यांनाच कळेल. स्टाफरूममध्ये खुर्ची रिकामी असली तर बसायचं, नसली तर खिडकीशी उभं राहून वह्या तपासायच्या. मीटिंगला बोलावतात, पण “तुमचं काय मत?” असं विचारत नाहीत.

तेव्हाच्या मुख्याध्यापिका कडक. त्यांचा कारभार सगळा सूचनावहीवर. शिपाई वही घेऊन वर्गात यायचा, आपण खडू खाली ठेवायचा, वाचायचं, सही करायची. “पालकसभेस सर्वांनी हिरवी साडी नेसून यावे.” सही. “सहलीचे ठिकाण बदलले आहे.” सही. कशामुळे बदलले? ते वहीत नसायचं. आम्ही सह्या करायचो आणि वही पुढच्या वर्गात गेली की त्याच मजकुराची टवाळी करायचो. बाई कार्यशाळेला बाहेरगावी गेल्या की त्या दिवशी शाळेत कसं सणासारखं वातावरण! तास उशिरा सुरू, गप्पा लांबलेल्या. मीही त्यात होते, खोटं कशाला सांगू?

बी.ए.ला मानसशास्त्राच्या पेपरात एक प्रयोग होता, तो मला त्या दिवसांत फार आठवायचा. कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ जर्मनीतून अमेरिकेत आलेले. त्यांनी लिपिट आणि व्हाइट या दोन सहकाऱ्यांबरोबर आयोवा विद्यापीठात केलेला हा प्रयोग 1939 साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांच्या मुलांचे छोटे छोटे गट केले, मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली आणि प्रत्येक गटाला मोठा माणूस म्हणून एक म्होरक्या दिला. एका म्होरक्याने सगळं स्वतः ठरवायचं आणि हुकूम सोडायचे. दुसऱ्याने मुलांशी बोलून ठरवायचं. तिसऱ्याने नुसतं बसून राहायचं, मुलांना हवं ते करू द्यायचं. हेच म्होरके पुढे आपली तऱ्हा बदलून दुसऱ्या गटांवर गेले, म्हणजे गुणदोष माणसाचा की पद्धतीचा ते कळावं.

निघालं काय? हुकमी गटात काम भरपूर झालं, पण म्होरक्या समोर असेपर्यंत. तो खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. शिवाय या गटांतली काही मुलं अगदी मुकी झाली, तर काही आपसांत भांडू लागली आणि एखाद्या मुलाला सगळ्यांनी मिळून छळू लागली. बोलून ठरवणाऱ्या गटात म्होरक्या बाहेर गेला तरी हात चालू राहिले. मोकाट सोडलेल्या गटात मात्र काम सर्वांत कमी. परीक्षेत मी हे उत्तर पाठ करून लिहिलं होतं. स्टाफरूममध्ये ते डोळ्यांनी पाहिलं. आमच्यातही एक गरीब बाई होत्या, ज्यांच्या प्रत्येक गोष्टीला सगळ्या हसायच्या. मोठ्या बाईंवरचा राग त्यांच्यावर निघत होता, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

तिसरी तऱ्हाही पाहायला मिळाली. कडक बाई दीर्घ रजेवर गेल्या तेव्हा ज्या प्रभारी आल्या त्या गाईहून गरीब. काही विचारलं की “तुमचं तुम्ही ठरवा हो, मी कोण सांगणार?” पहिले आठ दिवस आम्ही खूश. मग वेळापत्रक कोणी करायचं हे कोणीच ठरवेना आणि स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसणाऱ्या चौघींनी ते करून टाकलं. त्यांचे शेवटचे तास रिकामे, आमच्या वाट्याला जेवणानंतरचा आठवीचा वर्ग. तक्रार करायची तर कोणाकडे? हुकूम कोणी दिलेलाच नव्हता! मला तर वाटतं, सूचनावहीवर निदान सही तरी असते. जिथे कोणीच मोठं नसतं असं म्हणतात, तिथे कोणीतरी मोठं असतंच, फक्त ते जाब द्यायला बांधील नसतं. आपल्या भिशीत, हळदीकुंकवाच्या मंडळात जरा आठवून पाहा, पटेल.

कडक बाई परत आल्या, आणि मग 2021 चा जुलै आला.

त्या 22 जुलैबद्दल महाडकरांना मी काय सांगावं? सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळियेला डोंगर कोसळला आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या तळमजल्यात पोटरीपर्यंत चिखल. कोरोनामुळे वर्ग आधीच बंद, त्यामुळे मुलं नव्हती. ऑफिसातली कपाटं आडवी पडलेली, त्यांत जनरल रजिस्टरं. ज्यांनी शाळेत काम केलंय त्यांना कळेल, जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा जीव. पिढ्यान्‌पिढ्यांच्या जन्मतारखा त्यात.

बाईंनी हुकूम सोडला, “कोणी कशालाही हात लावायचा नाही. आधी पंचनामा.” त्यांचंही बरोबर होतं. पंचनाम्याशिवाय नुकसानभरपाई नाही.

आमच्या शिपाई मावशी दारात उभ्या होत्या. पदर खोचलेला. त्या म्हणाल्या, “बाई, मी 2005 चा पूर बघितलाय. हा गाळ ओला हाय तवर निघंल. उद्या ऊन पडलं की दगड हुईल, मग पहार लागंल.”

एरवी या वाक्याचं उत्तर “मावशी, तुम्ही तुमचं काम करा” असं आलं असतं. आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या. बाई काही क्षण गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “मग काय करायचं म्हणता?”

त्यानंतर तीन दिवस ती शाळा मावशींनी चालवली. आधी एकीने मोबाईलवर खोलीखोलीचे फोटो काढले, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट, म्हणजे पंचनाम्याला पुरावा राहील. वीज नव्हती, म्हणून एका वेळी एकच मोबाईल सुरू ठेवायचा. मग फावडी, घमेली, आणि दारापासून रस्त्यापर्यंत ओळ. आतून बाहेर नाही, दाराकडून आत सरकत काढायचा, म्हणजे काढलेल्या गाळातून पुन्हा जावं लागत नाही. रजिस्टरांची पानं ओढून सोडवायची नाहीत, आधी पाणी निथळू द्यायचं, मग पानापानात कोरडा कागद घालायचा. घमेली घेऊन ओळीत उभ्या असलेल्यांत मुख्याध्यापिकाबाईही होत्या, आणि ज्यांना आम्ही हसायचो त्या गरीब बाईंनी रजिस्टरांची बाजू अशी सांभाळली की त्यांना हसायचं कोणाला सुचलंच नाही.

मेरी पार्कर फॉलेट नावाच्या एक अमेरिकन बाई होऊन गेल्या, 1868 ते 1933 असा त्यांचा काळ. कारखान्यांचे मालक त्यांची व्याख्यानं ऐकायला यायचे, पण त्यांचं शिक्षण झालं होतं ते बॉस्टनमधल्या शाळांच्या इमारतींत संध्याकाळी चालणाऱ्या वस्तीकेंद्रांत काम करताना. त्या म्हणत, हुकूम माणसाने माणसाला देऊ नये, दोघांनी मिळून समोरच्या परिस्थितीकडून घ्यावा. पुस्तकी वाटतं ना? मलाही वाटायचं. पण चिखल ओला आहे तोवर काढा, हा हुकूम मावशींचा नव्हता आणि बाईंचाही नव्हता. तो चिखलाचाच होता. मावशींना तो ऐकू आला, आणि बाईंचा मोठेपणा असा की त्यांनी तो मावशींच्या तोंडून ऐकला.

शाळा पुन्हा भरली तेव्हा सूचनावहीही पुन्हा फिरू लागली. तुम्हाला वाटेल बाई बदलल्या. नाही, फारशा नाही. एवढंच, की मावशींना काही सांगताना त्या “अहो मावशी” म्हणू लागल्या.

महाडला राहून या विषयावर लिहायचं आणि चवदार तळ्याचं नाव घ्यायचं नाही, हे होणं शक्य नाही. मी रोज एसटी स्टँडवरून शाळेत जाते, आणि 20 मार्चला गावात उसळणारी गर्दी दरवर्षी पाहते. पण त्या घटनेतला कारभाराचा, माणसं सांभाळण्याचा भाग आपण शाळेत शिकवतच नाही. नववीला शिकवताना मी तारखा सांगून मोकळी होत होते.

गोष्ट अशी. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली तसा आपला ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले. आणि पुढची तीन वर्षे? तळ्याच्या पायऱ्यांवर कोणीही उतरू शकले नाही. अध्यक्षाची सही होती, शिक्का होता, पण गावातली सत्ता त्या सहीत नव्हतीच. ती लोकांच्या डोळ्यांत होती, भीतीत होती. “ठराव झालाय ना, मग प्रश्न काय?” असं म्हणणारी माणसं आजही प्रत्येक कचेरीत भेटतात. त्यांनी ही तीन वर्षे लक्षात ठेवावीत.

19 आणि 20 मार्च 1927 ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपल्या रायगड जिल्ह्याचे तेव्हाचे नाव कुलाबा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते हे सर्वांना ठाऊक. पण परिषद उभी करण्यात रामचंद्र बाबाजी मोरे हे आपल्याच तालुक्यातले तरुण पुढे होते, नगरपालिकेचे सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. गावोगाव फिरून माणसे जमवणारे हात निराळे, व्यासपीठावरचा आवाज निराळा, आणि दोघांनाही एकमेकांची गरज. परिषदेला पिण्याचे पाणीसुद्धा 40 रुपयांचे विकत घ्यावे लागले होते, कारण आलेल्यांना गावात पाणी मिळत नव्हते. दुसऱ्या दिवशी आभाराच्या वेळी चित्र्यांनी सुचवले की आता तळ्यावर जाऊनच परिषद संपवू. मग मिरवणूक शिस्तीने निघाली, बाबासाहेब पुढे. आधी ते पाणी प्याले, मग बाकीचे.

खरी कसोटी त्यानंतरची. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई कोणीतरी उठवली आणि लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाने परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ला केला. बाबासाहेब बंगल्यावर उतरले होते. तिथे जमलेल्यांत लष्करात नोकरी केलेली माणसे होती, मार खाऊन आलेले भाऊबंद त्यांच्यासमोर होते, आणि सगळे फक्त एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. हात उचलायचा नाही, असे सांगितले. आणि ते ऐकले गेले! दाद कायद्याने मागितली गेली.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. चिडलेल्या माणसांना आणखी चिडवून पुढारी होणं सोपं असतं, आपल्या स्टाफरूममध्येसुद्धा. आपल्याच माणसांचा रास्त राग थोपवायचा, आणि तरी त्यांनी आपल्याला भित्रा म्हणू नये, हे कशाच्या बळावर होतं? मला वाटतं, पाण्यात पहिलं पाऊल त्यांनी स्वतः टाकलं होतं म्हणून. धोका दुसऱ्याच्या अंगावर ढकलून हुकूम देणाऱ्याचं त्या दिवशी कोणी ऐकलं नसतं.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली ती याच परिषदेत. लोक सत्याग्रहाच्या तयारीने आले होते, पण विरोधकांनी आधीच कोर्टातून मनाई आणलेली. जायचे की थांबायचे, यावर परिषदेत चर्चा झाली. तुरुंगाची तयारी असलेल्यांना बोलू दिले, जिल्ह्याचे कलेक्टर येऊन बोलले, त्यांचेही ऐकून घेतले. शेवटी बाबासाहेबांच्या सल्ल्याने सत्याग्रह तहकूब झाला आणि शहरातून मोर्चा निघाला. त्याच मुक्कामात त्यांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. तो कोर्टातला वाद दहा वर्षे चालला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला.

सत्याग्रहाची आणि माझ्या पापडांची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण हे सगळं नववीला शिकवणारी मी घरी काय करत होते, ते आता ऐका.

पोलादपूरच्या आमच्या आळीत बाराजणींचा बचत गट आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, ही पंचसूत्री आम्हाला तोंडपाठ. मागच्या वर्षी मला अध्यक्ष केलं. का? तर “तुम्ही बी.ए. आहात, बँकेत बोलता येतं.” मार्चमध्ये महाडच्या एका दुकानदाराकडून नाचणीच्या पापडांची ऑर्डर आली, चाळीस किलोंची. एवढी मोठी पहिलीच.

मी वही काढली. रकाने आखले. कोणी किती किलो लाटायचे, कोणत्या आकाराचे, कधी आणून द्यायचे. आकाराला एक डबीचं झाकण ठरवलं. फाटक्या कडांचे पापड परत, त्याची मजुरी नाही. हे सगळं मी बैठकीत वाचून दाखवलं आणि विचारलं, “सगळ्यांना मान्य आहे ना?” माना हलल्या. (मैत्रिणींनो, “मान्य आहे ना?” हा प्रश्नच नव्हे. तो सूचनावहीवरच्या सहीचा रकाना!)

पहिल्या आठवड्यातच निम्म्या पापडांच्या कडा फाटलेल्या. मी वैतागले. दुकानदाराची तारीख जवळ. एक वहिनी आहेत आमच्यात, घरची परिस्थिती बेताची, नवऱ्याचं काम कधी असतं कधी नसतं. त्यांचे पापड सर्वांत जास्त फाटलेले. सगळ्यांदेखत मी ते बाजूला काढले आणि म्हटलं, “वहिनी, जमत नसेल तर आधीच सांगायचं ना.”

त्या काही बोलल्या नाहीत. पदराने हात पुसला आणि गेल्या. पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बैठकीला त्यांची मुलगी पासबुक घेऊन आली, “आईने सांगितलंय, आमची बचत परत द्या.”

त्या रात्री सासूबाई भांडी आवरताना एवढंच म्हणाल्या, “पीठ हातात घेऊन बघितलंस का गं तू?”

बघितलं नव्हतं. डब्यातलं पीठ काढून चिमटीत चोळलं तर रवाळ लागलं. पापडाचं पीठ वस्त्रगाळ हवं, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. गिरणीतून पीठ मी आणलं होतं, आणि घाईत चाळायचं राहिलं होतं माझंच. उकड कितीही चांगली मळली तरी असल्या पिठाची कड तडकणारच. ज्यांनी माझ्या झाकणाच्या मापाकडे दुर्लक्ष करून जाड लाटले त्यांचे पापड टिकले. ज्या बिचारीने सांगितलं तसं पातळ लाटलं, तिचेच फाटले.

दुसऱ्या दिवशी मी तिघीचौघींना विचारलं. सगळ्यांना कळलं होतं! पहिल्या गोळ्यातच. “मग सांगितलं का नाही?” तर एक म्हणाली, “तुम्ही विचारलंच कुठं? तुम्ही वाचून दाखवलंत.”

काय वाटलं असेल मला, कल्पना करा. तो आवाज मी ओळखत होते. तो मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज होता, आणि तो माझ्या तोंडातून आला होता. जिला खिडकीशी उभं ठेवतात ती खुर्ची मिळाल्यावर शहाणी होते असं नाही, पुष्कळदा तिने जे पाहिलेलं असतं तेच ती करते. दुसरं तिने पाहिलेलंच नसतं.

पापडाचा विषय निघालाच आहे तर लिज्जतची गोष्ट सांगते. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहाजणी, अशा सातजणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या वर्षीची विक्री 6196 रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! सुरुवातीला चांगला आणि स्वस्तातला असे दोन प्रकारचे पापड करत, तेव्हा त्यांना सल्ला देणाऱ्या छगनबापांनी सांगितलं की एकच करा आणि चांगलाच करा. आज तिथे हजारो बायका आहेत, आणि जसवंतीबेनना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. लिज्जतमध्ये प्रत्येक सभासद ‘बहीण’. मालक अशी कोणी नाही, नफा-तोटा सगळ्यांचा. शाखेची संचालिका होते तीही लाटणाऱ्या बहिणींतूनच. आणि निर्णय एकमताने, म्हणजे एकीने जरी “नाही” म्हटलं तरी तो अडतो. पूर्वी हे वाचताना मला हा अव्यवहारीपणा वाटला होता. एकीसाठी सगळ्यांनी थांबायचं? आता वाटतं, आमच्यातल्या एकीला जरी “पीठ जाड आहे” असं म्हणून काम थांबवायची मुभा असती, तर मजुरी बुडाली नसती आणि पासबुकही परत आलं नसतं. एकमत म्हणजे गोडीगुलाबी नव्हे. ज्या बाईचा आवाज सर्वांत लहान, तिला काम अडवायचा हक्क देणं, हे ते आहे. फक्त अडवणारीला कारण सांगता आलं पाहिजे, नाहीतर तोही हट्टच. आमच्या भिशीत अशी एकजण आहे. तिचं नाव घेत नाही!

मी वहिनींच्या घरी गेले. जाताना दोन दिवस पाय अडखळत होते. सगळ्यांदेखत बोलले होते, तर माफीही सगळ्यांदेखत मागायला हवी हे कळत होतं, पण त्या बैठकीला येणारच नव्हत्या. अंगणात त्या सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. “बसा” म्हणाल्या, पाणी दिलं. मी पिठाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला ठाऊक होतं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझ्या पोरीसमोर बोललात.” मुलगी त्या दिवशी बैठकीत कोपऱ्यात बसली होती, हे मला आठवतसुद्धा नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी बाकीच्यांसमोर चूक सांगितली. बुडालेली मजुरी गटाच्या नफ्यातून नको, मी देते म्हटलं. त्यावरून वाद झाला. एक म्हणाली, पिठाची चूक तुमची, पण गप्प बसायची चूक आमची, तेव्हा निम्मे आमचे. तो वाद ऐकून मला बरं वाटलं, कारण अध्यक्षाशी वाद घालायची आमच्या गटातली ती पहिलीच खेप.

आता काही गोष्टी बदलल्या आहेत. ऑर्डर घ्यायची की नाही, हे सर्वांत उत्तम लाटणाऱ्या आजी पीठ चिमटीत घेऊन सांगतात. कामाची विभागणी मी वाचून दाखवत नाही, वही मध्ये ठेवतो आणि जी ती आपला आकडा सांगते. पहिल्यांदा सर्वांत धाकट्या सुनेने बोलायचं, मग बाकीच्यांनी. कारण थोरल्या जाऊबाई एकदा बोलल्या की धाकटीची मान हलणारच. याला वेळ फार लागतो, हे कबूल करते. पूर्वी अर्ध्या तासात संपणारी बैठक आता दिवेलागणीपर्यंत चालते आणि घरची मंडळी कुरकुरतात. घाईच्या वेळी कोणीतरी एकीने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हेही लागतंच. पुरात मावशींनी मतं मागितली नव्हती. कोणती वेळ कुठली, हे ओळखायला मला अजून जमत नाही.

अध्यक्षपद दर वर्षी फिरतं ठेवायचं ठरलं, आणि यंदा ते माझ्याकडून गेलं. खरं सांगते, सोडताना जिवावर आलं. बँकेत “मॅडम, बसा” म्हणायचे ना! नव्या अध्यक्ष सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. हिशेब तोंडी करतात आणि माझ्या वहीपेक्षा बरोबर निघतो. त्यांचा आवाज जरा मोठाच आहे. मागच्या बैठकीत त्यांनी एकीला तोडून बोलल्या, तेव्हा मी पटकन मध्ये बोलणार होते. मग गप्प बसले. धाकटी सून बोलली, “काकू, त्यांचं पुरं होऊ द्या की.” आणि त्या थांबल्या.

वहिनींनी बचत काढून घेतली नाही. पासबुक अजून गटातच आहे, दर महिन्याला मुलीकडून पैसे येतात. पण लाटायला त्या येत नाहीत. या महिन्यात कुळथाच्या पिठाची छोटी ऑर्डर आहे. दळण कोणी आणायचं यावर बोलणं चाललं होतं, तर मुलगी दारातूनच म्हणाली, “आई म्हणते, दळण ती बघून आणेल.”